ओळ तीच की नवी?

पहिल्या नोकरीत माझ्याकडे गोदामाच्या साठ्याचं एक जुनं ॲप आलं, एएसपी डॉट नेट वेब फॉर्म्स या मायक्रोसॉफ्टच्या वेब-तंत्रातलं. साठ्याचा आकडा बदलून 'सेव्ह' दाबलं की तक्त्यातली ती ओळ दीड सेकंद पिवळी चमकावी, एवढंच काम होतं. पान उघडताना माझी चाचणीची ओळ छान चमकायची, सेव्ह केलं की ढिम्म. दोन दिवस मी कीफ्रेम्स, म्हणजे ॲनिमेशनचे टप्पे, तपासत बसले. पानाचं रंगरूप ठरवणाऱ्या सीएसएसमध्ये एकही चूक नव्हती.

शेजारच्या सिनियरने विचारलं, "सेव्हच्या आधीची ओळ आणि नंतरची ओळ, एकच आहे का?" मला प्रश्नच कळला नाही. त्याने ती ओळ ब्राउझरच्या कन्सोलमध्ये एका व्हेरिएबलमध्ये धरून ठेवली, सेव्ह दाबलं आणि तिचं 'इजकनेक्टेड', म्हणजे ती अजून पानात आहे का, विचारलं. उत्तर आलं 'फॉल्स'. स्क्रीनवर दिसत होती ती ओळ वेगळीच होती.

ती ओळ अपडेटपॅनेलमध्ये होती. वेब फॉर्म्सचा हा घटक सर्व्हरकडून तेवढ्याच भागाचं एचटीएमएल आणतो आणि जुनं काढून नवं बसवतो. पान नव्याने लोड होत नाही, त्यामुळे जेक्वेरीच्या 'रेडी'मध्ये (पान तयार झालं की एकदाच चालणाऱ्या भागात) लिहिलेला, चमकेचा सीएसएस क्लास लावणारा माझा कोड पुन्हा चालतच नव्हता. तो पेजरिक्वेस्टमॅनेजरच्या 'एंडरिक्वेस्ट' इव्हेंटवर, म्हणजे सर्व्हरचं उत्तर बसवून झाल्यावर, लावला आणि ओळ चमकली. नंतर कळलं की क्लास सर्व्हरनेच लावून पाठवला तर जावास्क्रिप्टही लागत नाही, कारण नवा एलिमेंट (पानाचा घटक) पानात आला की त्याचं ॲनिमेशन आपोआप सुरू होतं. पण तो क्लास तेवढ्या एकाच उत्तरापुरता हवा. आमच्याकडे तो व्ह्यूस्टेटमध्ये, म्हणजे वेब फॉर्म्स पानाची स्थिती जपतं तिथे, टिकून राहिला आणि एक ओळ सेव्ह केली की आधीच्या चार ओळीही चमकायला लागल्या!

वरच्या एकूण साठ्याच्या आकड्याचं दुखणं नेमकं उलटं. तो पॅनेलच्या बाहेर, एलिमेंट तोच, आत फक्त मजकूर बदलायचा. क्लास काढून लगेच परत लावला तर दुसऱ्यांदा काहीच होत नाही. ब्राउझर कोडच्या प्रत्येक ओळीनंतर स्टाइल मोजत नाही, शेवटी एकदाच बघतो. क्लास आधीही होता, आताही आहे, म्हणजे त्याच्या लेखी काही घडलंच नाही. मध्ये 'ऑफसेटविड्थ', म्हणजे एलिमेंटची रुंदी, वाचली की त्याला तिथल्या तिथे मोजावं लागतं आणि ॲनिमेशन नव्याने सुरू होतं. तक्त्यातल्या शेकडो ओळींच्या लूपमध्ये मात्र हे करू नका, पान अडखळतं. सगळ्यांचे क्लास काढा, एकदा वाचा, मग सगळ्यांना लावा. मला स्वतःला एलिमेंटची 'ॲनिमेट' मेथड जास्त आवडते. प्रत्येक वेळी बोलावली की ती नवं ॲनिमेशन सुरू करते, क्लासची काढघाल नाही. अंदाजाने शंभर मिलिसेकंदांचा 'सेटटाइमआउट' तर लावूच नका. तुमच्या मशीनवर चालेल, ग्राहकाकडे चालेलच असं नाही.

ट्रान्झिशनला, म्हणजे एका स्टाइलवरून दुसरीवर हळूहळू जाण्याला, आधीची स्टाइल लागते, नव्या एलिमेंटला ती नसते. त्यासाठी 'स्टार्टिंग-स्टाइल' हा नियम क्रोममध्ये २०२३ ला आला, सफारी आणि फायरफॉक्समध्ये २०२४ ला. एचटीएमएक्स या लायब्ररीची युक्ती निराळी: जुन्या-नव्याचा आयडी एकच असेल तर ते नव्या एलिमेंटला आधी जुने ॲट्रिब्यूट देतं आणि २० मिलिसेकंदांनी नवे, म्हणून ट्रान्झिशन चालतं.

आणखी एक, जे मला फार उशिरा कळलं. काहींना हलत्या-चमकत्या गोष्टींचा खरंच त्रास होतो, आणि त्यांनी सिस्टिममध्ये तशी सेटिंग केलेली असते. 'प्रिफर्स-रिड्यूस्ड-मोशन' तपासून त्यांच्यासाठी चमक बंद ठेवा आणि ओळीत 'सेव्ह झालं' एवढे दोन शब्द दाखवा.