कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी होतोय हे कसं ओळखावं?

पेट्रोल गाडी घाटात पूर्वीसारखी ओढत नाही, पाय दाबला तरी पिकअप येत नाही, आणि एअर फिल्टर, प्लग बदलूनही फरक पडला नाही, तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तपासायला हवा. गॅरेजवाले त्याला 'कॅटकॉन' म्हणतात. इंजिनाजवळ, सायलेन्सरच्या पाइपमध्ये बसवलेल्या या डब्यात मधाच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची जाळी असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या धातूंचा पातळ थर. कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइडं इथे बरीच निरुपद्रवी होऊन बाहेर पडतात. भारतात १९९५ साली चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल गाड्यांपासून त्याची सक्ती सुरू झाली.

आधी एक फरक समजून घ्या. कॅटकॉन चोंदतो, तेव्हा धूर बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि गाडी दमते. थर मेला, तर मात्र गाडी छान पळते, फक्त प्रदूषण वाढतं. म्हणून 'गाडी नीट चालते, मग कॅटकॉन चांगलाच असणार' हे गृहीत धरू नका.

सुरुवात कानाने करा. इंजिन पूर्ण थंड असताना डब्यावर रबरी हातोडीने हलकेच ठोका. आत खडखड वाजलं तर जाळी फुटली आहे. तिचेच तुकडे पुढे अडकून पाइप बंद करतात. एका सकाळी अचानक गाडी ट्रॅक्टरसारखी गरजू लागली, तर खाली वाकून बघा: आतल्या मौल्यवान धातूंसाठी हे डबे चोरीला जातात.

मग वास. सायलेन्सरमधून सडक्या अंड्यासारखा वास सतत येत असेल, तर बहुधा इंजिन गरजेपेक्षा जास्त पेट्रोल घेत आहे आणि कॅटकॉनला ते झेपत नाही. थंड गाडी सुरू केल्यावर क्षणभर आलेला वास मनावर घेऊ नका.

तिसरी खूण उष्णतेची. लांबच्या प्रवासानंतर गाडीतला पायाखालचा पत्रा नेहमीपेक्षा जास्त तापत असेल, तर न जळलेलं पेट्रोल कॅटकॉनमध्ये जाऊन जळतंय. अशी गाडी वाळलेल्या गवतावर उभी करू नका, आग लागू शकते. डब्याला हात लावायचा तो काही तासांनी, गार झाल्यावरच.

आता पीयूसीची पावती काढा. कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बनचे आकडे मागच्या वेळेपेक्षा बरेच वर गेले असतील, तर थर दुबळा झाल्याची शंका रास्त आहे. फक्त 'पास' वाचून पावती डॅशबोर्डमध्ये टाकू नका.

खरा निकाल स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, देतो. चेक इंजिनचा दिवा लागला आणि पी०४२० (कॅटकॉनचं काम कमी पडतंय) हा कोड आला, की फिटर लगेच नवा कॅटकॉन सुचवतो. इथे थांबा. हा कोड सायलेन्सरच्या पाइपला गळती असेल किंवा धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर बिघडला असेल तरीही येतो. असा एक सेन्सर कॅटकॉनच्या पुढे, म्हणजे इंजिनाच्या बाजूला, आणि एक मागे असतो. इंजिन गरम करून दोन्ही सेन्सरचे चालू आकडे दाखवायला सांगा. साध्या ऑक्सिजन सेन्सरच्या गाडीत पुढचा ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सतत वरखाली होतो. कॅटकॉन चांगला असेल तर मागचा जवळपास स्थिर राहतो. मागचाही तसाच नाचू लागला, तर थर संपला. चोंदण्याची शंका असेल तर पुढचा सेन्सर काढून तिथे प्रेशर गेज लावतात. अडीच हजार आरपीएमला तीन पीएसआयच्या (दाबाचं एकक) वर दाब आला, तर वाट बंद आहे.

कॅटकॉन बिघडला हे ठरलं, तरी तो का बिघडला हे न शोधता नवा बसवू नका. तो सहसा आपणहून मरत नाही. गाडी मिसिंग करत असेल (मधेच एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटत नसेल), ऑइल खात असेल किंवा हेड गॅस्केटमधून (इंजिनाच्या डोक्याखालचं सील) कूलंट आत जात असेल, तर नवा डबाही त्याच वाटेने जाईल. इग्निशन कॉइल, प्लग, ऑइलची पातळी आणि कूलंटची बाटली आधी तपासून घ्या.

'आतली जाळी काढून पोकळ करून देतो, गाडी सुसाट पळेल' असं कोणी म्हटलं, तर नकार द्या. असं करणं कायद्याने चूक आहे, आणि तो विषारी धूर आपल्याच गल्लीतली मुलं श्वासात घेतात. नवा डबा गाडीच्या मॉडेलला आणि बीएस (भारत स्टेज) या प्रदूषण मानकाला जुळणाराच घ्या. बसवल्यावर कोड पुसून गावात आणि हायवेवर काही दिवस नेहमीसारखी गाडी चालवा, मग पुन्हा स्कॅन करा. कॅटकॉनची तपासणी गाडीचा संगणक चालत्या गाडीतच पूर्ण करतो.