कॉलवर स्क्रीन काळी पडते? प्रॉक्सिमिटी सेन्सर दुरुस्त कसा करावा, आणि नाहीच झाला तर बंद कसा करावा

बँकेला फोन लावलाय. ‘मराठीसाठी दोन दाबा’ असं पलीकडून पुन्हा पुन्हा सांगतायत आणि तुमच्या हातातली स्क्रीन काळीठिक्कर. दाबणार कुठे? कॉल कापताही येत नाही, समोरच्याने ठेवला तरच सुटका. काहींच्या फोनला याच्या उलट खोड असते: कानाला लावल्यावर स्क्रीन विझतच नाही, गाल लागतो आणि कॉल म्यूट तरी होतो नाहीतर होल्डवर जातो. तिसरी तक्रार बऱ्याच जणांना सेन्सरची वाटतच नाही. व्हॉट्सअॅपवरचा व्हॉइस मेसेज लावला की तो मोठ्या स्पीकरमधून न येता कानाजवळच्या स्पीकरमधून कुजबुजतो आणि स्क्रीन बंद होते, फोन टेबलावर पडलेला असला तरी.

तिन्हींच्या मागे एकच बारीकसा भाग असतो, प्रॉक्सिमिटी सेन्सर. दुकानात दाखवलात तर बहुतेकदा ‘सेन्सर गेला, पट्टी बदलावी लागेल’ असं सांगतात. पट्टी म्हणजे सेन्सर ज्यावर बसवलेला असतो ती आतली पातळ, लवचिक वायरपट्टी. कधी कधी ते खरंही असतं. पण पैसे मोजण्याआधी हा सेन्सर फसतो कशाने ते समजून घ्या, कारण फसलेला सेन्सर आणि मेलेला सेन्सर वरून अगदी सारखे दिसतात.

आधी अडकलेला कॉल सोडवा

स्क्रीन काळी आणि कॉल चालू, अशा वेळी वायरचा इअरफोन खोचा किंवा ब्लूटूथचा चालू करा. स्क्रीन बहुतेक वेळा लगेच परत येते. आवाज कानाजवळच्या स्पीकरमधून जात असेल तेव्हाच फोन सेन्सरचं ऐकतो. आवाज इअरफोनला किंवा मोठ्या स्पीकरला गेला की स्क्रीन बंद करायचं त्याला कारणच उरत नाही. दुरुस्ती होईपर्यंत खिशात एक साधा इअरफोन ठेवलात तरी निम्मा त्रास संपतो.

दुसरी सोय सेटिंगमधली. अँड्रॉइडवर अॅक्सेसिबिलिटीत ‘पॉवर बटन एंड्स कॉल’ असा पर्याय असतो. सॅमसंगमध्ये तो फोन अॅपच्या सेटिंगमध्ये, कॉल घेण्या-संपवण्याच्या पर्यायांत ‘साइड की’ च्या नावाने सापडेल. तो चालू केला की स्क्रीन काळी असली तरी बाजूचं बटण दाबून कॉल कापता येतो. आयफोनवर बाजूचं बटण मुळातच कॉल कापतं. शिवाय तिथे सेटिंग्ज, अॅक्सेसिबिलिटी, टच, कॉल ऑडिओ राउटिंग असं जाऊन ‘स्पीकर’ निवडलं तर प्रत्येक कॉल थेट स्पीकरवर सुरू होतो. लोकलच्या डब्यात हे परवडणारं नाही, घरी ठीक.

सेन्सर काम कसा करतो

कानाच्या स्पीकरशेजारी काचेखाली एक इन्फ्रारेड दिवा आणि एक प्रकाश ओळखणारा डोळा असतो. दिव्याचा प्रकाश आपल्याला दिसत नाही. गाल जवळ आला की तो गालावर आपटून डोळ्यात परततो आणि फोन समजतो की काहीतरी जवळ आहे. अंतर तो काटेकोर मोजतोच असं नाही. कित्येक सेन्सर फक्त ‘जवळ’ किंवा ‘लांब’ एवढंच सांगतात, म्हणून तपासणीच्या अॅपमध्ये ० आणि ५ सेंटिमीटर हे दोनच आकडे दिसले तर घाबरू नका.

म्हणजे प्रकाश गालाऐवजी दुसऱ्याच कशावरून परतला, तर फोनला कायम गाल जवळ आहे असं वाटणार. काचेवरचा तेलकट थर, जाड टेम्पर्ड ग्लास, आत घुसलेला गोंद, सेन्सरभोवतीचं निसटलेलं रबर, यातलं काहीही पुरतं. उलट प्रकाश परतलाच नाही तर स्क्रीन विझणार नाही. काळे दाट केस इन्फ्रारेड बराचसा शोषून घेतात, त्यामुळे कानावर केस असले की काही फोन गोंधळतात. मोठ्या कंपन्याही यात अडखळल्या आहेत. २०१० साली आयफोन ४ च्या प्रॉक्सिमिटी सेन्सरबद्दल इतक्या तक्रारी आल्या की अॅपलला आयओएस ४.१ मध्ये त्यावर उपाय द्यावा लागला.

सगळ्याच फोनमध्ये हा दिवा असतो असं नाही. काही स्वस्त आणि काही अगदी पातळ कडांच्या फोनमध्ये ‘व्हर्च्युअल’ सेन्सर असतो. कानाच्या स्पीकरमधून माणसाला ऐकू न येणारा आवाज सोडायचा आणि त्याचा प्रतिध्वनी माइकने टिपायचा, असा तो प्रकार. २०१६ च्या शाओमी मी मिक्समध्ये ही पद्धत होती. तुमचा फोन असा असेल तर काच कितीही पुसा, फरक पडणार नाही. त्याला स्पीकरची जाळी आणि माइकची भोकं स्वच्छ लागतात.

तपासणी

सॅमसंगवर डायलरमध्ये *#०*# दाबा आणि ‘सेन्सर’ उघडा. स्पीकरजवळ हात नेल्यावर स्क्रीन हिरवी होऊन फोन थरथरला तर सेन्सर जिवंत आहे. शाओमी, रेडमी, पोकोवर *#*#६४८४#*#* दाबलं की चाचण्यांची यादी उघडते, त्यात प्रॉक्सिमिटी सेन्सर शोधा. बाकीच्या फोनवर सेन्सर दाखवणारं एखादं साधं मोफत अॅप चालेल. मात्र ‘सेन्सर रिपेअर’ म्हणून मिरवणाऱ्या अॅपच्या नादी लागू नका. त्यातली बहुतेक रूट नसलेल्या, म्हणजे सिस्टीमचे कुलूपबंद अधिकार न उघडलेल्या फोनवर काहीच करू शकत नाहीत, जाहिराती तेवढ्या दाखवतात.

आता हात लांब ठेवून बघा. समोर काहीच नसताना ‘जवळ’ दाखवतोय आणि हलतच नाही, तर प्रकाश कुठूनतरी परततोय. हात चिकटवला तरी ‘लांब’ च दाखवतोय, तर दिवा पेटत नाही किंवा प्रकाश बाहेर पडत नाही.

दिवा पेटतो का हे घरबसल्या कळतं. टीव्हीच्या रिमोटचा दिवा मोबाइलच्या कॅमेऱ्यातून जांभळट दिसतो, तीच युक्ती इथे वापरायची. खोलीत अंधार करा, बिघडलेल्या फोनवरून कॉल लावा आणि दुसऱ्या फोनच्या सेल्फी कॅमेऱ्यातून कानाच्या स्पीकरजवळ बघा. मागच्या कॅमेऱ्यात इन्फ्रारेड अडवणारी गाळणी सहसा पक्की असते, म्हणून सेल्फी कॅमेरा. फिकट जांभळा ठिपका लुकलुकताना दिसला तर दिवा ठणठणीत आहे. व्हर्च्युअल सेन्सरच्या फोनमध्ये तो दिसणारच नाही, हे लक्षात ठेवा.

ग्लास आणि घाम

मुंबईत पहिला संशय इथेच घ्यावा. हवेत वर्षभर ओल, गर्दीत घाम, आणि जून ते सप्टेंबर फोन प्लास्टिकच्या पाउचमध्ये. पाउचमधून बोलताना स्क्रीन काळी पडत असेल तर फोनचा काही दोष नाही, प्लास्टिकच प्रकाश परतवतंय. पाउचमधून काढून बोला, किंवा इअरफोन लावा.

नंतर फोन बंद करून टेम्पर्ड ग्लास काढा. पूर्ण काढायचा, वरचा कोपरा उचलून भागत नाही. अर्धवट सुटलेल्या ग्लासखाली हवा शिरते आणि परावर्तन आणखी वाढतं. कोरड्या मऊ टूथब्रशने स्पीकरची जाळी हलकेच झाडा, फोन उलटा धरून, म्हणजे मळ खाली पडेल. मग कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे एक-दोन थेंब घेऊन वरची काच पुसा. काडी ओलसर हवी, ओली नको. जाळीत टाचणी घालू नका आणि तोंडाने फुंकूही नका, फुंकरीबरोबर वाफ आत जाते.

ग्लासविना एक कॉल करून बघा. दुखणं गेलं असेल तर दोषी ग्लास होता. नवा घेताना तुमच्याच मॉडेलचा, सेन्सरच्या जागी खाच किंवा भोक असलेला मागा. फूटपाथवर ‘सगळ्याला बसतो’ म्हणून मिळणारा नको, आणि बाजूने काळा दिसणारा प्रायव्हसी ग्लास तर नकोच. सेन्सर डिस्प्लेच्या खाली असलेल्या फोनमध्ये ग्लासच्या जाडीनेही फरक पडतो, तिथे पातळ फिल्म बरी. अशा फोनमध्ये कॉल चालू असताना वरच्या बाजूला एक पांढरा ठिपका लुकलुकतो, सॅमसंग गॅलॅक्सी एस १० वाल्यांना तो ओळखीचा असेल. तो बिघाड नव्हे.

फ्लिप कव्हर वापरत असाल तर तेही काढून बघा. त्यातल्या चुंबकाने वेगळाच सेन्सर चालतो आणि स्क्रीन बंद होते, नाव मात्र प्रॉक्सिमिटीचं खराब होतं.

सॉफ्टवेअरचं काम थोडकं आहे. फोन रीस्टार्ट करा, अपडेट आलेलं असेल तर घ्या, आणि सेफ मोडमध्ये, म्हणजे बाहेरून टाकलेली अॅप बंद ठेवून फोन चालू करायच्या पद्धतीत, एक कॉल लावून बघा. सेफ मोडमध्ये ठीक चालला तर नव्याने टाकलेलं एखादं अॅप उपद्रव करतंय. शाओमीच्या चाचणीत ‘कॅलिब्रेट’ (सेन्सरला ‘लांब’ म्हणजे काय ते नव्याने शिकवणारं) असं बटण दिसलं तर काच पुसल्यानंतर, फोन टेबलावर ठेवून, समोर काही नसताना दाबा. मळक्या काचेवर कॅलिब्रेट केलंत तर मळ हीच त्याची मोकळी हवा होऊन बसेल.

स्क्रीन बदलल्यापासून सुरू झालं असेल तर

मग बाकी सगळं सोडा, उत्तर जवळपास हातात आहे. फोल्डर बदलताना, म्हणजे काच, टच आणि डिस्प्लेचा कॉम्बो बदलताना, जुन्या फ्रेममधलं सेन्सरचं चिमुकलं रबर नव्यावर बसवायचं राहून जातं. दिव्याचा प्रकाश आतल्या आत डोळ्यात जाऊ नये म्हणून ते दोघांच्या मध्ये असतं. ते नसलं की प्रकाश काचेच्या आतल्या बाजूवरूनच परततो आणि सेन्सर कायम ‘जवळ’ ओरडत राहतो. दुसरं कारण काचेच्या रंगाचं. सेन्सरसमोरची काच काळी दिसत असली तरी त्या जागी खास शाई असते, जिच्यातून इन्फ्रारेड आरपार जातो. डुप्लिकेट काचेवर ही शाई बरोबर नसते. तिसरं, डिस्प्लेखाली सेन्सर असलेल्या फोनचा मूळचा ओएलईडी डिस्प्ले फुटल्यावर तिथे टीएफटी नावाचा स्वस्तातला डिस्प्ले लावला तर प्रकाशाची वाटच बंद होते. मग पट्टी कितीही बदला.

म्हणून दुकानात ‘सेन्सर बदला’ म्हणू नका. ‘फोल्डर उघडून सेन्सरचं रबर जागेवर आहे का बघा, आत गोंद गेलाय का बघा’ असं सांगा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, ग्रँट रोड स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर, सुटे भाग आणि दुरुस्ती दोन्ही एकाच रस्त्यावर मिळतात, त्यामुळे रबर किंवा पट्टी लागलीच तर तिथे काम एका फेरीत होण्याची शक्यता जास्त. वॉरंटी चालू असेल तर मात्र सरळ सर्व्हिस सेंटर गाठा. बाहेर उघडलेला फोन नंतर वॉरंटीत घ्यायला ते खळखळ करतात.

आयफोन एक्स आणि त्यानंतरच्या काही मॉडेलमध्ये जास्त सांभाळा. सेन्सर ज्या पट्टीवर असतो तिच्यावरच फेस आयडीचा भाग असतो आणि तो त्या फोनशी जोडलेला असतो. दुसऱ्या फोनची पट्टी लावली तर सेन्सर चालेल, फेस आयडी जाईल.

काउंटरवर पैसे देण्याआधी चाचणीचा कोड लावा, एक कॉल करा, आणि हे सगळं नवा ग्लास चिकटवल्यानंतर पुन्हा एकदा करा. कारागिराला घाई असेल, तुम्हाला नसावी.

बंदच करायचा असेल तर

दुरुस्तीचा खर्च फोनच्या किमतीला न शोभणारा असेल, तर बंद करणं शहाणपणाचं. शाओमीचं स्वतःचं डायलर असलेल्या जुन्या फोनमध्ये कॉल सेटिंग्जच्या आत, येणाऱ्या कॉलच्या पर्यायांत प्रॉक्सिमिटी सेन्सरचं बटण असतं. ते बंद केलं की काम झालं. इतर ब्रँडच्या फोनवर सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘प्रॉक्सिमिटी’ टाकून बघा. आयफोनवर असा पर्याय नाही, तिथे वर सांगितलेला स्पीकरचा उपाय किंवा इअरफोन.

अँड्रॉइड १० पासून डेव्हलपर पर्यायांत (सेटिंग्जमधला एरवी लपलेला, अॅप बनवणाऱ्यांसाठीचा भाग) ‘सेन्सर्स ऑफ’ नावाचं बटण क्विक सेटिंगमध्ये आणता येतं. त्याने सगळे सेन्सर एकदम बंद होतात, कॅमेरा आणि माइकसुद्धा. दोष सेन्सरचाच आहे का, हे पाहण्यापुरतं ते ठीक, रोजच्या वापराला नाही. फोन रूट करून सिस्टीमच्या फाइलमध्ये बदल करायचा जुना उपाय सुचवणारेही भेटतील. तो मोजक्या फोनवर चालतो, आणि रूट केलेल्या फोनवर बँकांची आणि यूपीआयची अनेक अॅप चालायला नकार देतात. सेन्सरपायी तेवढं गमावू नका.

सेन्सर बंद केल्यावर कॉल घेतला की पॉवर बटण एकदा दाबून स्क्रीन स्वतः विझवा आणि मग फोन कानाला लावा. अँड्रॉइडवर कॉल चालूच राहतो. यासाठी सुरुवातीला सांगितलेला ‘पॉवर बटन एंड्स कॉल’ पर्याय मात्र आता बंद करावा लागेल, नाहीतर प्रत्येक कॉल बटणाबरोबरच कापला जाईल. सेन्सर सदा ‘जवळ’ म्हणत असताना तो चालू हवा, सेन्सर बंद केल्यावर नको. आयफोनवर बटणाने कॉल कापला जाऊ नये असं वाटत असेल तर आयओएस १६ पासून टचच्या सेटिंगमध्ये ‘प्रिव्हेंट लॉक टू एंड कॉल’ आहे.

पॉकेट मोडकडेही, म्हणजे खिशात असताना फोन चुकून उघडू न देणाऱ्या सोयीकडेही, एक नजर टाका. सेन्सर कायम ‘जवळ’ असेल तर खिशातून काढलेला फोनही ‘वरचा भाग झाकू नका’ असा संदेश दाखवून उघडत नाही, तेव्हा लॉक स्क्रीनच्या सेटिंगमध्ये पॉकेट मोड बंद करावा लागतो. पण मग संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये घामाने ओल्या झालेल्या खिशात स्क्रीन आपोआप जागी होऊन बटणं दाबली जाऊ शकतात. त्यासाठी दोन टिचक्यांनी स्क्रीन उघडणारा आणि फोन उचलताच जागी करणारा, असे दोन्ही पर्याय बंद करा, आणि फोन खिशात ठेवताना स्क्रीन मांडीकडे न ठेवता बाहेरच्या बाजूला ठेवा.