पट्टकृमीच्या खुणा शरीरावर कशा तपासाव्यात

पट्टकृमी (टेपवर्म), म्हणजे आतड्यात राहणारा फितीसारखा चपटा जंत, काही मीटर लांब वाढतो, तरी बहुतेकांना त्याचा पत्ता लागत नाही. थोडी मळमळ, कधी पोटदुखी, एवढंच. म्हणून पोट चाचपण्याआधी शौच पाहा. खरा पुरावा तिथेच मिळतो.

१. शौचात पांढरट, चपटे, साधारण १ ते २ सेंटीमीटर लांबीचे तुकडे आहेत का ते बघा. ताजा तुकडा आकसतो, लांबतो, पुढे सरकतो. गोमांसातून येणाऱ्या पट्टकृमीचे तुकडे तर शौचाची वेळ नसतानाही आपोआप बाहेर येतात आणि अंतर्वस्त्रावर सापडतात. दोऱ्यासारखे बारीक जंत आणि रात्री गुदद्वाराशी खाज असेल, तर तो वेगळा जंत आहे. तुकडा मिळाला तर हातमोजे घालून झाकणाच्या डबीत ठेवा, डॉक्टरांना दाखवा आणि हात साबणाने स्वच्छ धुवा. डुकराच्या मांसातून येणाऱ्या पट्टकृमीची अंडी तोंडात जाणं फार धोक्याचं असतं.

२. खालची पापणी ओढून आतला रंग पाहा, मग जीभ पाहा. माशातून येणारा पट्टकृमी बी-१२ जीवनसत्त्व शोषून घेतो. त्यामुळे काहींची पापणी आतून फिकट दिसते, जीभ गुळगुळीत होते, पायांना मुंग्या येतात.

३. गुडघे दुमडून उताणं झोपवा आणि पोट हलक्या हाताने तपासा. बहुधा काहीच लागत नाही. उजव्या बरगडीखाली गाठ लागली तर ती दाबू नका. कुत्र्याच्या पट्टकृमीमुळे यकृतात पाण्याची गाठ होते, ती फुटली तर जिवावर बेतू शकतं.

४. आता सर्वांत महत्त्वाचं. दंड, छाती, पाठ, मांड्या यांवरून बोटं सावकाश फिरवा. त्वचेखाली वाटाण्याएवढी, टणक, न दुखणारी, बोटाखाली सरकणारी गाठ लागली, तर डुकराच्या पट्टकृमीच्या अळ्या शरीरात पसरल्या असण्याची शक्यता असते. सोबत आकडी, सततची डोकेदुखी किंवा धूसर नजर असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. अशा वेळी जंताचं औषध स्वतःहून मुळीच देऊ नका. मेंदूतल्या अळ्या औषधाने मरू लागल्या की भोवती सूज येते आणि आकडी वाढू शकते. आधी मेंदूचा स्कॅन, मग औषध.

अंगावर काहीच सापडलं नाही तरी शंका असेल, तर वेगवेगळ्या दिवशीचे तीन शौचनमुने तपासून घ्या. अंडी रोज पडत नाहीत.