माळ्यावरचा लॅपटॉप सुरू होत नाही? आधी खोडरबर शोधा

गेल्या पावसाळ्यात ताईचा फोन आला. "अरे, माझा जुना लॅपटॉप माळ्यावरून काढलाय, चालूच होत नाहीये. दुकानात दाखवला, तर तो म्हणतो मदरबोर्ड, म्हणजे आतला मुख्य बोर्डच गेलाय, साडेचार हजार लागतील."

"दिवा लागतो का?"

"लागतो की. पंखाही फिरतो. स्क्रीन तेवढी काळी."

म्हटलं, पैसे देऊ नकोस, रविवारी येतो.

दुरुस्तीवाल्यांच्या भाषेत बंद लॅपटॉपचे तीन प्रकार असतात. बटण दाबलं तरी काहीच होत नाही, तो 'नो पॉवर'. दिवा-पंखा चालतो पण स्क्रीन काळी, तो 'नो डिस्प्ले'. कंपनीचं चिन्ह दिसतं पण विंडोज येत नाही, तो 'नो बूट'. आपला कोणता, हे पेचकस हातात घेण्याआधी ठरवा.

काहीच होत नसेल तर

सुरुवात भिंतीपासून करा. त्याच सॉकेटला मोबाइल चार्ज होतो का ते बघा. मग अडॅप्टर. त्याच्यावर आउटपुट लिहिलेलं असतं, बहुतेकदा १९, १९.५ किंवा २० व्होल्ट. मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) असेल तर पिनेच्या आतली बाजू आणि बाहेरची कडा यांच्यात मोजा. डेल आणि एचपीच्या बऱ्याच पिनांत मधोमध बारीक सुई असते. ती अडॅप्टरची ओळख पटवण्यासाठी असते, व्होल्टेज तिच्यावर मोजायचं नाही. एक मेख आहे: मल्टिमीटरवर १९ व्होल्ट दिसले म्हणून अडॅप्टर चांगलाच, असं नाही. लोड आला की दम तोडणारे अडॅप्टर मी पाहिलेत. शेजारच्याचा त्याच व्होल्टेजचा, तशाच पिनेचा आणि तेवढ्याच किंवा जास्त अँपिअरचा अडॅप्टर दहा मिनिटं मागून आणणं हीच खरी परीक्षा.

अडॅप्टर ठीक असेल तर तो काढा, बॅटरीही काढा, आणि पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा. आत अडकलेला चार्ज निघून जातो. आता बॅटरी न लावता फक्त अडॅप्टरवर चालू करून बघा. दोन-दोन वर्षं पडून राहिलेली बॅटरी इतकी उतरते की काही लॅपटॉप तिच्यामुळेच अडून बसतात. बॅटरी आत बसवलेली असेल तर खालचं झाकण उघडून तिचा कनेक्टर सोडवावा लागतो. वायरी ओढू नका, प्लास्टिकला धरून काढा.

झाकण उघडताना बॅटरी फुगलेली दिसली, किंवा टचपॅड वर उचलला गेला असेल, तर तिथेच थांबा. ती दाबायची नाही, टोचायची नाही, चार्जिंगला तर मुळीच लावायची नाही.

स्क्रीन काळी असेल तर

जुन्या लॅपटॉपची हीच सर्वांत मोठी तक्रार, आणि घरच्या घरी सुटण्याची शक्यताही इथेच जास्त.

चालू करून मिनिटभर थांबा आणि कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर मशीन जिवंत आहे, फक्त चित्र दिसत नाही. खोलीत अंधार करून स्क्रीनवर तिरका टॉर्च मारा. पुसट चित्र दिसलं तर बॅकलाइट, म्हणजे स्क्रीनमागचा उजेड, गेलाय. एचडीएमआय किंवा व्हीजीएची केबल लावून टीव्ही जोडा. तिथे चित्र आलं तर दोष स्क्रीनचा किंवा बिजागरीतून जाणाऱ्या केबलचा.

ताईच्या लॅपटॉपवर कॅप्स लॉकचा दिवा हलेना आणि टीव्हीही काळाच. अशा वेळी माझा पहिला संशय रॅमवर, म्हणजे मेमरीच्या काढता-घालता येणाऱ्या छोट्या पट्टीवर, जातो. आपल्याकडच्या दमट हवेत माळ्यावर दोन पावसाळे काढले की रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर काळपट थर बसतो.

अडॅप्टर आणि बॅटरी काढा, रॅमवरचं खालचं झाकण उघडा. नळाला किंवा खिडकीच्या लोखंडी गजाला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाईल. रॅमच्या दोन्ही बाजूंच्या धातूच्या पट्ट्या बोटांनी बाहेर ढकला, रॅम आपोआप तिरकी उचलली जाते. कडेला धरून काढा. आता शाळेतलं साधं मऊ खोडरबर घ्या आणि सोनेरी पट्ट्या दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने घासा. ताईच्या मुलीच्या कंपासमधलं पांढरं खोडरबर चार-पाच फेऱ्यांत राखाडी झालं, तेव्हाच मला उत्तर कळलं होतं. भुगा कोरड्या ब्रशने झटका. तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते. मग खाच जुळवून रॅम तिरकी आत सरकवा आणि 'टक्' आवाज येईपर्यंत खाली दाबा. दोन रॅम असतील तर एकेक लावून बघा, दोन्ही जागांवर. एखादीच मेलेली असते.

तिसऱ्या प्रयत्नाला ताईच्या स्क्रीनवर चिन्ह उमटलं. खर्च शून्य. भाची मात्र खोडरबर काळं केलं म्हणून फुरंगटली.

चिन्ह येतं, विंडोज येत नाही

हेही ताईकडे लगेच घडलं. अशा वेळी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये, जा. चालू होताना बहुतेक ठिकाणी एफ२, एचपीवर एफ१० दाबायचं. दोनच गोष्टी बघा. घड्याळात भलतंच जुनं वर्ष असेल तर आतला नाण्याएवढा सेल संपलाय. तो बहुधा सीआर२०३२ असतो, म्हणजे २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी, ३ व्होल्ट. काही लॅपटॉपमध्ये त्याला वायर जोडलेली असते, तिथे तसाच सेल घ्या. सेल संपला की सेटिंग पुसली जाते, डिस्कचा मोड बदलतो आणि विंडोज सुरू होत नाही. सेल बदला, तारीख घाला, डिस्कशी बोलण्याच्या पद्धतीचा हा मोड एएचसीआय आणि तिथलाच दुसरा पर्याय असा आलटून-पालटून बघा. ताईचं काम इथेच झालं.

दुसरी गोष्ट, यादीत हार्ड डिस्कचं नाव दिसतं का. नसेल तर ती काढून पुन्हा बसवा. डिस्क टक-टक असा ठरावीक आवाज करत असेल तर पुनःपुन्हा चालू करू नका, प्रत्येक वेळी फोटो परत मिळण्याची आशा कमी होते. आवाज नसेल तर डिस्क अडीच इंची साटा केसमध्ये (डिस्क बाहेरून जोडायच्या डबीत) घालून यूएसबीने दुसऱ्या संगणकाला जोडा आणि आधी फाइली उतरवून घ्या. लॅपटॉप नंतर बघू. पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंट (विंडोजसारखीच, पण फुकट मिळणारी प्रणाली) चालवून पाहणं हाही चांगला उपाय आहे. ते नीट चाललं तर बाकीचं यंत्र धड आहे, बिघाड डिस्कमध्ये किंवा विंडोजमध्ये आहे.

एवढं करूनही हलला नाही, तर मग दुकान गाठा. जाताना डिस्क काढून घरी ठेवा, आणि 'चालू होत नाही' एवढंच सांगू नका. 'नो डिस्प्ले आहे, रॅम बदलून पाहिली, टीव्हीवरही चित्र नाही' असं सांगा. ताईने परवा मैत्रिणीसाठी तसं सांगितलं, तर समोरच्याने आधी विचारलं, "मॅडम, तुमचंही दुकान आहे का?"