कॅन्सरच्या गाठीने आतडं अडलं तर काय करायचं

पोट तट्ट फुगलंय, शौच नाही आणि वाराही सरत नाही, तर ते साधं बद्धकोष्ठ समजू नका. बद्धकोष्ठात वारा सहसा सरतो. मोठ्या आतड्यात डावीकडे, विशेषतः गुदाशयाआधीच्या सिग्मॉइड भागात, आतडं अरुंद आणि मळ घट्ट असतो. म्हणून तिथली गाठ लवकर वाट अडवते. अशा वेळी उलटी उशिरा सुरू होते. ती नाही म्हणून थांबू नका.

घरी तोंडाने काही द्यायचं नाही. एरंडेल, त्रिफळा, जुलाबाच्या गोळ्या तर मुळीच नकोत: पुढे वाट बंद आणि मागून आतडं जोर करतंय, अशाने ते फुटू शकतं. रात्रीही सीटी स्कॅन आणि सर्जन मिळेल अशाच रुग्णालयात न्या. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर पोचताच सांगा.

तिथे नाकातून रायल्स ट्यूब (पोटातलं बाहेर काढणारी नळी), शिरेतून सलाईन आणि लघवीची नळी घालतात. लघवी ताशी किलोमागे निदान ०.५ मिली हवी, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ३० मिली. पोटॅशियम कमी असेल तर तेही भरून काढतात.

सीटीत सर्जन मोठ्या आतड्याची सुरुवात, म्हणजे सीकम, किती फुगलंय ते पाहतात. लहान आतड्याकडची झडप घट्ट मिटलेली असेल तर वायूला मागेही जाता येत नाही. व्यास वाढला की भिंतीवरचा ताण वाढतो, म्हणून गाठ डावीकडे असली तरी फुटतं ते बहुधा उजवीकडचं सीकम. ९ सेंमीपुढे ते फुगलेलं धरतात, १२ च्या आसपास फुटण्याची भीती. उजवीकडे खाली हात लावताच कळ, ताप, धावती नाडी दिसली तर ऑपरेशन लांबवत नाहीत.

उजवीकडची गाठ काढून आतडं बऱ्याचदा तेव्हाच जोडतात. डावीकडे निवड करावी लागते. हार्टमन पद्धतीत गाठ काढून वरचं टोक पोटावर आणतात, खालचं शिवून बंद करतात. प्रकृती ढासळलेली असेल तर हा सुरक्षित मार्ग. दुसरा मार्ग म्हणजे दुर्बिणीतून धातूच्या जाळीचा स्टेंट, म्हणजे वाट उघडी ठेवणारी नळी. त्याने पोट उतरतं आणि साधारण दोन आठवड्यांनी तयारीनिशी ऑपरेशन करता येतं. पण स्टेंटने आतडं फुटूही शकतं, म्हणून हात सरावलेला हवा. आतडं आधीच फुटलेलं असेल किंवा गाठ गुदद्वाराला अगदी लागून असेल तर स्टेंट नको. बेव्हासिझुमॅब हे कॅन्सरचं औषध चालू असेल किंवा द्यायचं ठरत असेल तर तेही आधी बोला. स्टेंटसोबत त्याने फुटण्याचा धोका वाढतो.

स्टोमा, म्हणजे पोटावर आणलेलं आतड्याचं तोंड, करायचा असेल तर जागेची खूण ऑपरेशनआधी, रुग्णाला बसवून, उभं करून, वाकवून करायला सांगा. परकराची किंवा पायजम्याची नाडी आणि पोटाची वळी टाळायची, नाहीतर स्टोमावर लावलेली मळाची पिशवी गळत राहते. पिशवीच्या चिकट प्लेटचं भोक स्टोमापेक्षा २-३ मिमी मोठं कापा. सैल राहिलं तर कातडी सोलवटते. पिशवी एक-तृतीयांश भरली की रिकामी करा. स्टोमा ओला, लालसर हवा. काळा-जांभळा पडला तर लगेच सर्जनला दाखवा.

वाट अडलेली असताना गाठीपलीकडचं आतडं दुर्बिणीने पाहता आलेलं नसतं. ऑपरेशननंतर ३ ते ६ महिन्यांत पूर्ण कोलोनोस्कोपी करून घ्या; तिथे दुसरी गाठ असू शकते.