जेंटूवर बायनरी पॅकेजं घेण्याआधीची तयारी

माझ्या जुन्या लॅपटॉपवर जेंटू आहे, म्हणजे पॅकेजं शक्यतो सोर्सवरून स्वतःच्या मशीनवर बांधणारं लिनक्स, आणि रॅम चारच जीबी. क्यूटी-वेबइंजिनसारखं (ब्राउझरचं इंजिन) मोठं पॅकेज कंपाइल करताना दर जॉबमागे, म्हणजे एका वेळी चालणाऱ्या बांधणीच्या कामामागे, साधारण दोन जीबी रॅम धरावी लागते, त्यामुळे एकच जॉब ठेवून रात्रभर मशीन चालू ठेवायचं आणि पहाटे उठून बघावं तर कर्नलने मेमरी संपली म्हणून कंपायलरच बंद केलेला. त्यात पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नाही. म्हणून २९ डिसेंबर २०२३ ला जेंटूने एएमडी६४ आणि एआरएम६४ साठी वीस जीबीहून जास्त बायनरी, म्हणजे आधीच बांधलेली, पॅकेजं मिररवर ठेवल्याचं जाहीर केलं, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. पण घाईघाईने ती ओढायला गेलो आणि डिपेंडन्सीत (एका पॅकेजला लागणाऱ्या दुसऱ्या पॅकेजांत) अडकलो. तेव्हापासून नव्या मशीनवर बायनरी सुरू करण्याआधी मी जे जे बघतो ते इथे लिहितोय.

पहिलं म्हणजे मनात एक गोष्ट पक्की करा. बायनरी पॅकेज दुसऱ्या मशीनवर बांधलेलं असतं आणि तिथले सगळे निर्णय त्यात गोठलेले असतात: कुठले यूज फ्लॅग (पॅकेजमधल्या सोयी चालू-बंद करणारे शब्द) चालू होते, कुठल्या लायब्ररीची कुठली आवृत्ती होती, कुठल्या प्रोसेसरसाठी बांधलं. पोर्टेज, म्हणजे जेंटूचा पॅकेज मॅनेजर, यातले यूज फ्लॅग आणि डिपेंडन्सी तुमच्या सिस्टिमशी ताडून बघतं आणि जुळले तरच पॅकेज घेतं. प्रोसेसर जुळतो का हे मात्र तुम्हीच बघायचं. फायरफॉक्स-बिन किंवा जेंटू-कर्नल-बिन ही वेगळी गोष्ट आहे. ती साधी ईबिल्डच (पॅकेज कसं बांधायचं-बसवायचं ते सांगणाऱ्या फाइली) असतात, फक्त आत तयार फाइली असतात. इथे विषय त्यांचा नाही.

मग प्रोफाइल, म्हणजे सिस्टिमच्या डीफॉल्ट सेटिंगचा संच, बघा. ई-सिलेक्टने प्रोफाइलची यादी काढा आणि तारांकित ओळ वाचा. बायनरी सर्व्हरच्या पत्त्यात २३.० आहे आणि तुम्ही अजून जुन्या १७.१ वर असाल, तर आधी प्रोफाइलचं स्थलांतर पूर्ण करा. सिस्टिमडी की ओपनआरसी (सेवा सुरू करणाऱ्या यंत्रणा), डेस्कटॉप की साधं, यावरच निम्मे यूज फ्लॅग ठरतात.

प्रोसेसरची पातळीही तपासा. सर्व्हरवर साध्या एक्स८६-६४ ची पॅकेजं आहेत आणि एक्स८६-६४-व्ही३ ची वेगळी आहेत. व्ही३ ला एव्हीएक्स२ लागतं. इंटेलच्या कोअर प्रोसेसरांत ते २०१३ च्या हॅसवेलपासून आलं, पण त्यानंतरच्याही बऱ्याच पेंटियम-सेलेरॉनमध्ये नाही, म्हणून खरेदीच्या वर्षावरून अंदाज करू नका. ग्लिबसी या सिस्टिमच्या मूळ सी लायब्ररीच्या लोडरला हेल्प पर्याय देऊन चालवा. खाली व्ही२, व्ही३, व्ही४ अशा ओळी येतात आणि तुमच्या मशीनला चालणाऱ्या ओळीपुढे ‘सपोर्टेड’ लिहिलेलं असतं. शंका असेल तर साधी एक्स८६-६४ घ्या.

पॅकेजं खरंच जेंटूची आहेत हे पटवणाऱ्या सह्यांच्या चाव्या गेटयूटो ही आज्ञा बसवून देते. मेक-डॉट-कॉन्फ या पोर्टेजच्या सेटिंग फाइलमधल्या फीचर्समध्ये सही मागण्याची सोय चालू करा, म्हणजे सही नसलेलं पॅकेज आत येणार नाही. यात आळस नको, कारण ही पॅकेजं रूट म्हणून बसतात.

आता यूज फ्लॅग. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. माझ्या मेक-डॉट-कॉन्फमध्ये सात-आठ वर्षांपूर्वी लिहिलेला ‘मायनस पल्सऑडिओ’ (आवाजाची ही यंत्रणा नको) तसाच पडून होता. तेव्हा त्याला कारण होतं, आता उरलं नव्हतं. पण त्या एका शब्दामुळे वेबइंजिनची तयार बायनरी पोर्टेजने बाजूला ठेवली, कारण ती पल्सऑडिओसकट बांधलेली होती. पोर्टेज हे लपवत नाही. यूज जुळत नसल्याने अमुक बायनरी दुर्लक्षित केल्या, असं यादीच्या खाली स्पष्ट सांगतं. आपणच ते वाचत नाही. तेव्हा मेक-डॉट-कॉन्फची यूज ओळ आणि पॅकेज-डॉट-यूजचं (एकेका पॅकेजच्या फ्लॅगांचं) फोल्डर उघडा आणि प्रत्येक शब्दाला विचारा, तू इथे का आहेस? ज्याचं उत्तर मिळत नाही तो काढा. ज्याचं मिळतं तो ठेवा आणि तेवढं पॅकेज सोर्सवरून बांधा. जेंटू वापरायचं ते त्यासाठीच ना! पायथन टार्गेटही यूज फ्लॅगच असतात, म्हणून ते हाताने बांधून ठेवले असतील तर प्रोफाइलच्या डीफॉल्टवर सोडून द्या.

यानंतर सिंक करून ईबिल्ड ताजी करा आणि पोर्टेजच्या इमर्ज आज्ञेने प्रत्यक्ष काही न बसवता फक्त यादी काढा: प्रिटेंड, व्हर्बोज आणि सोबत स्मॉल जी. कॅपिटल जी देऊ नका. स्मॉल जीने बायनरी मिळाली तर घेतली जाते, नाही तर सोर्सवरून बांधलं जातं. कॅपिटल जी फक्त सर्व्हरवरच्या बायनरीच धरतं आणि शिवाय यूज जुळवण्याची आपोआप होणारी तपासणी शिथिल होते. यादीत प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला कंसात ‘बायनरी’ किंवा ‘ईबिल्ड’ लिहिलेलं असतं. नजर ‘ईबिल्ड’वर ठेवा. बायनरीला फक्त चालण्यासाठी लागणाऱ्या डिपेंडन्सी लागतात, बांधण्याच्या लागत नाहीत. पण एक मोठं पॅकेज जरी ‘ईबिल्ड’ झालं तरी त्याची बांधणीची सगळी फौज मागोमाग येते. वेबइंजिनसाठी यादीत एकदम नोडजेएस आणि जीपर्फ ही बांधणीची साधनं दिसली, तर समजा की बायनरी नाकारली गेली आहे. तिथेच थांबा आणि कारण शोधा.

कारण यूज नसेल तर बहुधा सबस्लॉट (लायब्ररीच्या कुठल्या आवृत्तीशी जुळतं ते सांगणारा आकडा) असतो. एखादं पॅकेज ‘स्लॉट आणि बरोबर’च्या खुणेने आयसीयू या युनिकोड लायब्ररीवर अवलंबून असेल, तर बांधताना जी आयसीयू होती तिचा सबस्लॉट बायनरीत नोंदला जातो. २०२४ च्या सुरुवातीला माझ्या लॅपटॉपवर आयसीयू ७३ होती आणि बायनरी ७४ वर बांधलेली. पोर्टेज म्हणत होतं की आयसीयूही वर न्या, आणि तिच्यासोबत तिच्यावर उभी असलेली बाकीची पॅकेजंही. मला तेवढं थांबायचं नव्हतं, म्हणून नोडेप्स (डिपेंडन्सी बघू नको असा पर्याय) देऊन एकटं वेबइंजिन बसवलं. ब्राउझर उघडला तर टर्मिनलवर एकच ओळ: लिब-आयसीयू-यूसी-डॉट-एसओ-डॉट-७४ सापडत नाही. पोर्टेज पहिल्यापासून हेच सांगत होतं. नोडेप्स वापरू नका. लायब्ररी वर न्यायची तर तिच्यावरची सगळी पॅकेजं एकत्र वर न्या. खिडक्या-बटणं काढणाऱ्या क्यूटी लायब्ररीचंही तसंच आहे, त्याची पॅकेजं एकाच आवृत्तीची लागतात, त्यातलं एकच बदलता येत नाही. म्हणून बायनरी सुरू करण्याआधी पूर्ण वर्ल्ड (बसवलेल्या सगळ्या पॅकेजांचं) अपडेट करून घ्या. ग्लिबसी मागे राहिली असेल तर ती आधी. नव्या ग्लिबसीवर बांधलेला प्रोग्राम जुनीवर चालेलच असं नाही, आणि एकदा वर नेलेली ग्लिबसी खाली आणू नये.

टेस्टिंग शाखेवर असाल तर अपेक्षा कमी ठेवा. अधिकृत पॅकेजं मुख्यतः स्थिर शाखेची आहेत.

डिस्कवर जागा मोकळी करा, डाउनलोड व्हार-कॅशमधल्या बिनपीकेजीएस फोल्डरात साठतात. आणि बदल करण्याआधी आत्ता चालू असलेल्या महत्त्वाच्या पॅकेजांच्या प्रती क्विकपीकेजीने काढून ठेवा: पोर्टेज, पायथन, जीसीसी, ओपनएसएसएल. काही मोडलं तर याच प्रतींवरून परत उभं राहता येतं, आणि ते काम पोर्टेजच मोडल्यावर आठवलं तर उपयोग नाही.

सगळं बसल्यावर प्रिझर्व्ड-रीबिल्ड (जुन्या लायब्ररीवर अडकलेली पॅकेजं परत बांधणं) चालवा, कॉन्फिग फाइलींचे बदल डिस्पॅच-कॉन्फने बघा, आणि रोज वापरायच्या दोन-तीन प्रोग्रामांवर एलडीडी (प्रोग्रामला लागणाऱ्या लायब्ररी दाखवणारी आज्ञा) चालवून ‘नॉट फाउंड’ कुठे येत नाही ना ते तपासा. त्यानंतरच डेपक्लीन, म्हणजे आता कुणाला न लागणारी पॅकेजं काढणं. त्याची यादीही आधी प्रिटेंडने वाचा. त्यात बांधणीची साधनं दिसली आणि सोर्सवरून बांधायचं ठरवलेलं पॅकेज शिल्लक असेल, तर सीमेक आणि रस्ट तिथेच राहू द्या.