भेर्ली माड लावायचाय? आधी हातमोजे घाला

भेर्ली माड, म्हणजे सुरमाड, हे सह्याद्रीच्या ओल्या रानातलं झाड. पण पाण्याची सोय असेल तर विदर्भातही विहिरीच्या काठी, न्हाणीच्या सांडपाण्यावर तो वाढतो.

बी ताजंच हवं, वाळून जुनं झालेलं रुजेलच असं नाही. पिकलेल्या लालसर फळाच्या गरात सुईसारखे बारीक स्फटिक असतात आणि हाताला भयंकर खाज सुटते. म्हणून हातमोजे घालूनच गर काढा, पोरांना लांब ठेवा. बी पिशवीत सावलीत पेरा. कोंब यायला 2-3 महिने, कधी जास्तही लागतात. पिशवी फेकायची घाई नको.

रोप पावसाळ्याच्या तोंडावर लावा. आपल्या काळ्या भारी जमिनीत पाणी साचतं, तेव्हा रेती आणि शेणखत घालून थोडा उंचवटा करा. खरी परीक्षा एप्रिल-मेची. पहिले 2-3 उन्हाळे तुराट्या-पऱ्हाट्यांचा आडोसा पाहिजेच, नाहीतर माशाच्या शेपटीसारखी पानं करपतात.

झाडाला फुलोरा शेंड्याकडून खाली येत जातो. शेवटचा घड पिकला की झाड मरतं. त्याला बुंध्याशी फुटवे नसतात, त्यामुळे फुलोरा दिसताच शेजारी दुसरं रोप लावून घ्या. आणि घराच्या भिंतीला खेटून तर लावूच नका, वाळलेलं उंच खोड पाडताना कवेलू फुटतील.